तर, तारू आणि वैतरणा

१८८५ साली स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथच्या गोदीत एक आगबोट बांधून झाली. मालक मुंबईची शेफर्ड कंपनी; काम कच्छच्या मांडवीपासून मुंबईपर्यंत उतारू ने-आण करण्याचं. बोटीला नाव दिलं ‘वैतरणा’. हे नाव आपल्या पालघरच्या नदीचं. नदीचं नाव बोटीला द्यायची रीत जुनीच, त्यात गैर काही नाही. पण ज्या साहेबानं ते निवडलं, त्याला बहुधा कुणी सांगितलं नसावं की हिंदू माणूस वैतरणी एकदाच ओलांडतो आणि परतीचं तिकीट तिथे मिळत नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून निघालेली ही बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. ना फळकूट हाती लागलं, ना प्रेत.

लोकांनी ‘वैतरणा’ हे नाव कधी तोंडी घेतलंच नाही. बोटीवर विजेचे दिवे होते, त्या काळी ते अप्रूप. म्हणून गुजरातीत ती झाली ‘वीजळी’. तिच्यावर गाणी रचली गेली, त्यांतलं एक झवेरचंद मेघाणींनी ‘रढियाळी रात’मध्ये घेतलं, पुढे गुणवंतराय आचार्यांनी १९५४ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. सगळीकडे ‘वीजळी’च. खरं नाव कंपनीच्या दफ्तरात राहिलं. मरणाच्या नदीचं नाव घेऊन रोज समुद्रात कोण उतरेल?

आता या नावाच्या आत शिरू. वैतरणी हा शब्द ‘वितरण’वरून आलेला, आणि वितरणात आहे ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘तॄ’ हा धातू. तॄ म्हणजे ओलांडणे, पाण्यातून पलीकडे जाणे. वितरण म्हणजे आधी पार जाणं, मग पार पोहोचवणं, मग देणं, वाटणं. यमाच्या दारातली नदी पार करायची तर जिवंतपणी काही दिलेलं हवं, निदान एक गाय. तिचं शेपूट धरून जीव पलीकडे जातो. म्हणजे ओलांडणं आणि देणं हे दोन्ही अर्थ एकाच विधीत बसलेले. आज वितरण म्हटलं की आपल्याला वर्तमानपत्र आठवतं, रेशन आठवतं आणि महिन्याच्या महिन्याला महावितरणचं बिल आठवतं. वैतरणा नावाच्या बोटीला लोकांनी वीज म्हटलं, आणि सुमारे एकशेवीस वर्षांनी वीज घरोघर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या नावात तोच ‘वि’ आणि तोच ‘तॄ’ येऊन बसला. हा निव्वळ योगायोग आहे. पण शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला असे योगायोग फुकट मिळतात, ते का सोडावेत?

तॄ या धातूचं मराठीतलं गणगोत मोठं आहे. तरणे, तारणे हे तर समोर दिसतातच. ‘तर’ म्हणजे नदीवरची फेरीची नाव, तिला ‘तरी’ही म्हणत. ‘तारू’ म्हणजे मोठं जहाज, अनेकवचन ‘तारवे’. ‘तरांडे’ हा त्याचाच भाऊ. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची यादी आहे, तिच्यात तरांडी आणि तारवे दोन्ही भेटतात. पाण्यात उतरायची जागा ती ‘तीर्थ’. देवपण तिला नंतर चिकटलं. नदी पायी ओलांडता येते तो ‘उतार’, आणि ओलांडणारा तो ‘उतारू’. रेल्वेनं हा शब्द नदीकाठावरून उचलून फलाटावर आणला. आता तिथेही ‘प्रवासी’ आला आणि उतारू मागे पडला. सावकाराकडे ठेवतो ते ‘तारण’, कारण ते अडल्या वेळी तारतं. बुडवतं ते व्याज. आणि दुसऱ्यानं घातलेला घोळ आपण ‘निस्तरतो’, म्हणजे त्यातून पार पडतो. घरातल्या कर्त्या बाईला विचारा, निस्तरणे हा धातू तिच्याइतका कुणी चालवलेला नसतो.

‘तर’ या शब्दाचा पालघरच्या भागाशी असलेला संबंध दगडात कोरलेला आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षहरात राजा नहपान याचा जावई, काळ इसवी सनाचं दुसरं शतक. आपण काय काय दान केलं याची त्यानं लांबलचक नोंद करून ठेवली आहे. त्यात तो सांगतो की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्यानं नावांची ‘पुण्यतर’ चालू केली. पुण्यतर म्हणजे धर्मार्थ तर, उतारूकडून पैसा न घेणारी. यातली दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची खाडी. त्याच लेखात शोर्पारग म्हणजे सोपाऱ्याचंही नाव येतं. पालघर जिल्हा सरकारी कागदावर १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मला. पण त्याच्या दोन गावांची नावं आणि त्याच्या खाडीवरची तर, हे सगळं जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीच एका दगडावर एकत्र आलेलं होतं.

ती तर अजून बंद पडलेली नाही, फक्त पुण्याचा भाग गळाला. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडच्या खारवाडेश्रीला रो-रो सेवा सुरू झाली. मधे वैतरणेचीच खाडी. रस्त्यानं गेलं तर महामार्गावरून मोठा वळसा, बोटीनं काही मिनिटं. तिकीट काढायचं, स्कूटर चढवायची आणि वैतरणा पार. गाईच्या शेपटाची गरज नाही, आणि परतीची फेरीही आहे.

इथवर आलं की माणसाला चेव चढतो. तॄ हातात आहे, समोर तारापूर आहे. मग तारापूर म्हणजे ‘तरून जायचं गाव’ असं सांगून मोकळं व्हायला किती वेळ लागतो? हा मोह आवरावा. तारा म्हणजे चांदणी हा शब्द तॄचा नाही. तो इंग्रजी ‘स्टार’ आणि फारसी ‘सितारा’ यांच्या घरातला, त्याच्या पुढचा ‘स’ संस्कृतात कधीतरी गळून पडला. बौद्धांची तारा देवी मात्र तॄवरून समजावली जाते, ती तारणारी. आठ महाभयांपासून भक्ताला ती सोडवते आणि त्यांत जहाज फुटण्याचं भय आहे. पण एवढ्यावरून तारापुरात तिचं देऊळ कल्पू नये. तारापूरचा इतिहास तसाही मोठाच आहे: जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तिथला पोर्तुगीज किल्ला घेतला, बाजी भिवराव रेठरेकर त्या लढाईत पडले, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथलं अणुवीज केंद्र वीज विकू लागलं. व्युत्पत्तीची झालर लावून गावाचा मान वाढत नाही. तीच गोष्ट मिसळीवरच्या तरीची. वर तरंगते म्हणून तरी, असं ठणकावून सांगणारे हॉटेलात पुष्कळ भेटतात. तो फारसी ‘तर’ आहे, म्हणजे ओलं, तरबतर मधला. आणि पालघरात शिडाचं ‘पाल’ शोधणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की गाव समुद्रापासून चांगलं आत आहे, जरा थांबा.

आता होडीत बसू. नदीतल्या लहान नावेला मराठीत दोन खास शब्द आहेत आणि दोघांचं कूळ वेगळं. ‘डोण’ किंवा ‘डोणी’ हा संस्कृत द्रोणीचा मुलगा. द्रोणी म्हणजे लाकूड कोरून केलेलं पोकळ पात्र. ओंडका कोरला आणि गुरांना पाणी पाजलं तर ती डोण. तोच पाण्यावर सोडला तर तीही डोण. पंगतीतला पळसाच्या पानांचा द्रोण हा त्याच घरचा, आणि महाभारतातले गुरुजीही, कारण त्यांचा जन्म द्रोणात झाला. मुळाशी आहे ‘द्रु’, म्हणजे लाकूड, झाड. देवदारातला दारु तोच आणि इंग्रजी ‘ट्री’ही त्याच्या नात्यातला. मालदीवमध्ये आजही नावेला ‘धोनी’ म्हणतात. ‘होडी’चं मात्र दक्षिणेशी नातं आहे. संस्कृत कोशांत ‘होड’ हा शब्द तराफा, नाव या अर्थानं सापडतो, पण तमिळमध्ये ‘ओडम्’, तेलुगूत ‘ओड’ आहेत, आणि संस्कृतानं तो तिकडून घेतला असावा असं मानायला जागा आहे. ‘पडाव’ हाही तसाच, कन्नड-तुळू किनाऱ्यावरून वर सरकलेला. म्हणजे खाडीत एका काठावर संस्कृत, दुसऱ्या काठावर द्राविडी, आणि मधे आपण वल्हवतोय.

त्यांच्या शेजारी आता दोन पाहुणे आलेत, कनू आणि कयाक. कनू हा कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा शब्द. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ मध्ये तो ऐकला, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘कानोआ’ झाला, आणि नव्या जगातून युरोपच्या भाषांत शिरलेल्या पहिल्या शब्दांपैकी तो एक. अर्थ काय? कोरलेला ओंडका. म्हणजे कनू आणि डोण या दोन महासागरांपलीकडच्या सख्ख्या बहिणी, एकमेकींची गाठ न पडताच तशा झालेल्या. कयाक हा इनुइट लोकांचा. सीलच्या कातड्याची, शिकाऱ्याला कमरेपर्यंत गिळून टाकणारी अरुंद नाव. कयाकला मराठी प्रतिशब्द घडवू नये असं माझं ठाम मत आहे. वस्तू परकी आहे, शब्द तोंडात बसतो, ‘कयाक’ म्हणावं आणि वल्हं मारावं.

डोण, होडी, तर, उतार, तीर्थ, काठ हे सगळे नदीच्या मुखाच्या आतले शब्द. वैतरणा अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मधून समुद्रात पडते. ते मुख ओलांडलं की भाषा बदलते. बाहेर ‘बंदर’ आहे, फारसी. जहाजाचा धनी ‘नाखवा’. फारसी नाखुदा, नाव आणि खुदा, नावेचा स्वामी. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’चा. ‘तुफान’ अरबी. ‘गुराब’ या जहाजाचं नावही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ डोमकावळा. काळ्या रंगामुळे की पुढे काढलेल्या चोचीमुळे, ते ज्यानं त्यानं ठरवावं. ‘नांगर’ हा तर दोन शब्दांचा एक झालेला गडी: शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’चा, समुद्रातला फारसी ‘लंगर’चा. दोघेही जमिनीत दात रोवतात म्हणून मराठीनं त्यांना एकाच नावानं हाक मारली असावी. पण शेतकऱ्याचा नांगर चालण्यासाठी असतो आणि तांडेलाचा थांबण्यासाठी.

मला सगळ्यात बोचतो तो ‘खलाशी’. अरबी ‘खलास’ म्हणजे सुटका, मोकळीक. त्यावरून खलाशी. त्याच शब्दाचं मराठीत दुसरं रूप जे झालं ते आपण रोज वापरतो: दूध खलास, पैसे खलास, माणूस खलास. सुटका आणि शेवट एकाच शब्दात, आणि दर्यावर जाणाऱ्या माणसाचं नाव त्याच शब्दावरून. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण ठरवून याहून नेमकं जमलं नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की पालघरच्या किनाऱ्यावर ओलांडण्याची भाषा देशी आहे आणि दूर जाण्याची भाषा मोसमी वाऱ्याबरोबर आलेली आहे. नदी ओलांडणं हे गावाचं रोजचं काम, त्याला घरचे शब्द. समुद्रात जाणं ही अरब, इराणी, गुजराती, पोर्तुगीज माणसांच्या संगतीत करायची गोष्ट, तिला सगळ्यांचे शब्द. आता फुटलेल्या जहाजाचे शब्द दोन्हीकडे शोधू लागलं, की मराठी अचानक गप्प होते. इंग्रजीत ‘रेक’ म्हटलं की बुडालेलं जहाज वस्तू म्हणून डोळ्यांपुढे उभं राहतं. मराठीत त्याला एकशब्दी नाम नाही. तारू ‘फुटतं’, बोट ‘बुडते’, जहाज खडकावर ‘लागतं’. सगळी क्रियापदं. पुस्तकातला ‘जहाजाचे भग्नावशेष’ हा मासळीबाजारात कुणी उच्चारलेला मला तरी आठवत नाही. मागे राहिलेल्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही, झालं ते सांगायचं. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या अमावास्येला, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ मुंबईबाहेरच बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली; त्या घटनेलाही लोक ‘रामदास बोट’ एवढंच म्हणतात. पुढचं क्रियापद ऐकणाऱ्यानं मनात म्हणायचं.

कोकणच्या बोटी बंद झाल्या त्यालाही आता किती वर्षं झाली, पण ‘बोट लागणे’ राहिलं आहे. समुद्रात डुचमळलं की बोट लागते, आणि मग त्याच चालीवर गाडी लागते, एसटी लागते. जहाज किनाऱ्याला लागतं, खडकाला लागतं आणि माणसालाही लागतं.

किनाऱ्याला लागलेलं जहाज कुणाचं, हा प्रश्न जुना. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला, राज्याभिषेकही त्यानं पाहिला. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी होती: वादळानं आमचं जहाज तुमच्या किनाऱ्याला लागलं तर ते मालासकट परत करा. महाराजांकडून यावर हरकत आली. कोकणच्या रिवाजाप्रमाणे असं जहाज सरकारचं. एकाला सवलत दिली की फ्रेंच आणि डच रांग लावतील. हिशेबी उत्तर होतं. किनाऱ्यावर आलेला माल त्या क्षणी ‘बेवारस’ झाला. वारस अरबी, बे फारसी. आणि ‘वारसा’ही त्याच वारसाचा. बुडालेली जहाजं आज आपण सागरी वारसा म्हणून मिरवतो, म्हणजे आधी बेवारस आणि मग वारसा.

अलीकडचं एक उदाहरण पालघरच्याच दारात घडलं. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. ‘गल कन्स्ट्रक्टर’ नावाचा तराफा नांगर तुटून भरकटला, त्यावरच्या १३७ जणांची सुटका झाली, आणि तराफा वडराईजवळ खडकांत येऊन बसला. त्याचं तेल किनाऱ्याच्या वाळूत झिरपलं. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत वादळाच्या नावाचेच हाल चालले होते: तौक्ते, तौते, ताउते. नाव म्यानमारनं सुचवलेलं, अर्थ पाल, ती भिंतीवरची. आणि आपल्या जुन्या आरमारात गुराब, गलबत यांच्या जोडीला ‘पाल’ नावाचं मोठं जहाज होतं. दोन पालींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हे सगळं आठवायला कारण झाला एक खेळ. जगभर लोक नदीत कनू-कयाक घालून डबे शोधत फिरतात. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, दुसरा जीपीएस घेऊन तो शोधतो, आतल्या वहीत नाव लिहितो, डबा होता तसा ठेवतो. काही ठिकाणी अशा डब्यांची माळ बुडालेल्या जहाजांवर गुंफलेली असते. प्रत्येक डब्यात एका जहाजाची गोष्ट आणि पुढच्या डब्याचा ठावठिकाणा. खेळाचं नाव जिओकॅशिंग. २ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी लहरींमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यानं ओरेगॉनमध्ये एक बादली रानात पुरून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. महिना संपायच्या आत मॅट स्टम यानं खेळाला हे नाव सुचवलं.

नावातला ‘कॅश’ फ्रेंच ‘काशे’ म्हणजे लपवणे यातला. कॅनडातले फ्रेंच फर-व्यापारी भूर्जाच्या सालीच्या कनूतून नद्यानद्यांनी हिंडत आणि परतीच्या वाटेसाठी धान्य-सामान जमिनीत पुरून ठेवत. म्हणजे कनू आणि कॅश यांची जोडी जुनीच. रोख पैशाची कॅश वेगळी. ती मुळात पेटी, गल्ला. बोईसरच्या मोबाइल दुकानातला पोरगा ‘कॅची क्लिअर करून देतो’ म्हणतो ती मात्र हीच, लपवून ठेवलेली.

मराठीत या लपवलेल्या सामानाला शब्द आहे, ‘पेव’. जमिनीत खोल खड्डा, आत धान्य, वरून माती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. पेवात सामान मुक्यानं पडून असतं, म्हणून ते फुटलं की गाजावाजा. अफवांचं, क्लासेसचं, इमारतींचं ‘पेव फुटतं’ ते यावरून. पण खेळातल्या डब्याला पेव म्हणणं जड जातं. ‘दफिना’ आहे, पण त्यात दफन आहे. ‘खजिना’ फार मोठा. शिवाय मॅगझिन हा शब्द त्याच अरबी धातूतून निघालेला, कोठार या अर्थानं, म्हणजे हा लेखही एका खजिन्यातच छापलेला. दिशा दाखवणाऱ्या ‘होकायंत्रा’तही एक डबा दडलेला आहे: गुजरातीत होको म्हणजे हुक्काही आणि होकायंत्रही, आणि मूळ अरबी ‘हुक्का’ म्हणजे डबी.

मला योग्य वाटतो तो ‘करंडा’. त्याला कारण सोपारा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचं ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचं टेकाड खणलं. आत विटांचा स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीचं झाकण काढलं तर मधोमध तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. इतकं सगळं ज्याच्यासाठी, ते सोन्याच्या करंड्यातलं काय? मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं भगवानलालांचं मत होतं. ही चीजवस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेली. कुंकवाचा करंडा घरात आहे, एकांकिकांचा करंडक पुण्यात आहे. नदीकाठच्या डब्यालाही तो शोभेल. टेकाडाच्या नावाबद्दल मला एक संशय आहे. सोपारा म्हणजे शूर्पारक, शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो बुरूड. बुरूड राजा या नावातूनच तर जन्मला नसेल? पुरावा काही नाही. वर मीच इतरांना मोह आवरायला सांगितलं, हेही खरं. या सोपाऱ्याचाच ‘पूर्ण’ नावाचा व्यापारी-भिक्षू ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात आहे. त्याच्या भावाचं चंदनानं भरलेलं जहाज वादळात सापडतं आणि पूर्णामुळे वाचतं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते जहाज रंगवलेलं आहे, शिडांसकट, पाण्याच्या घड्यांसकट. बुडत्या जहाजांवर करंड्यांची माळ गुंफायची झाली तर सुरुवात तिथूनच व्हावी.

हा खेळ वैतरणेच्या खाडीत मांडायचा म्हणणाऱ्यांना दोन शब्द. बोईसर स्टेशनवर दिवसभर सांगितलं जातं की बेवारस वस्तूला हात लावू नका. आपण तर मुद्दाम बेवारस डबा ठेवणार. तेव्हा पोलीस, ग्रामपंचायत आणि बंदर खातं यांना आधी सांगा, तारापूरच्या अणुकेंद्राच्या आसपास फिरकूही नका, आणि किल्ल्यांच्या चिऱ्यांत काही खुपसू नका. दुसरं पाण्याचं. पुनवेला आणि अमावास्येला ‘उधाण’, अष्टमीच्या सुमाराला ‘भांग’. उधाणाला इथे चार-पाच मीटर पाणी चढतं आणि उतरतं. ओहोटीत कयाक गाळात बसली की पुढची भरती येईपर्यंत तुम्हीही बसलात. हे जीपीएस सांगत नाही, सातपाटीचा कुठलाही तांडेल सांगतो.

त्या तांडेलाकडे आणखीही काही आहे. सागवानी होड्या जाऊन फायबरच्या आल्या. होडीच्या एकेका फळीला, दोरीला, गाठीला, शिडाच्या एकेका कोपऱ्याला जे शब्द होते, ते आता साठीच्या पुढच्या माणसांकडे उरलेत, आणि मांगेल्यांचे वेगळे, वैतींचे वेगळे, कोळ्यांचे वेगळे. कोशांत त्यांतले फार थोडे आहेत. सातपाटी, वडराई, केळवे, दातिवरे, अर्नाळा, डहाणू इथल्या वाचकांना माझी विनंती आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक दिवस जुन्या होडीशेजारी उभं करा, बोट ठेवत जा आणि विचारत जा. शब्द जसा कानावर येईल तसा लिहा, शुद्ध करू नका. समोर अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचा समाज लिहा. व्युत्पत्तीचं नंतर पाहू.